शाकाहारी सुई

६ जानेवारी, सोमवार

जिमचे पृथ्वीराज सर म्हणाले, रोज काय खाल्लं आणि काय उचललं ते लिहून ठेवायचं. म्हणून काटा कंपनीकडून फुकट आलेली ही डायरी काढली. एरवी दरवर्षीची डायरी गॅसच्या शेगडीच्या लंगड्या पायाखाली जाते. सर म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा पोरगा आहे, पण दंड माझ्या मांडीएवढा. म्हणून सर.

पहिल्या पानावर रकाने आहेत ते भरले. नाव गुरुपाद नष्टे. वय एक्कावन्न. व्यवसाय वजनकाटे विक्री व दुरुस्ती, शाहूपुरी. रक्तगट बी पॉझिटिव्ह. छंद या रकान्यात काय लिहावं सुचलं नाही. ‘व्यायाम’ लिहिलं. आज पहिलाच दिवस आहे, पण लिहिलं.

कारण असं झालं. परवा हुपरीला एका चांदीवाल्याचा काटा दुरुस्त करायला गेलतो. येताना कंडक्टरनं न विचारता हातात अर्धं तिकीट ठेवलं. ज्येष्ठ नागरिकांचं. पासष्टच्या वरच्यांना असतं ते. मी म्हणालो, “ओ, मी एक्कावन्नचा हाय.” तो म्हणाला, “असू द्या की आजोबा. आधार कार्ड नसलं तरी मी माणूस वळखतो.” सगळी गाडी हसली. लिहायला लाज वाटते, पण मी ते तिकीट घेतलं.

आजचं वजन, दुकानातल्या मोठ्या काट्यावर, ८४ किलो ३५० ग्रॅम. काटा बरोबर आहे. माझाच आहे.

१९ जानेवारी, रविवार

दोन आठवडे झाले. काही उचललं जात नाही. उचललंच तर खाली ठेवता येत नाही. रात्री अव्वा पाठीला तेल चोळते आणि म्हणते, “गुरू, साकु. पुरे झालं आता. हमालाला पैसे देऊन लोखंड उचलून घे.” अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई माझी पाठ चोळते, हे काही खरं नाही.

सयाजी चौगले त्याच जिममध्ये येतो. शाळेपासूनचा दोस्त, दूध डेअरी चालवतो. गेल्या दिवाळीपर्यंत माझ्यासारखाच होता. आता त्याच्या शर्टाच्या बाहीत दंड मावत नाही. मी विचारलं, काय खातोस? म्हणाला, चार अंडी, अर्धी कोंबडी. मी म्हणालो, आमच्यात चालत नाही. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, “खाण्यानं काय हुतंय, मर्दा. सपोर्ट घे.”

सपोर्ट म्हणजे इंजेक्शन. पुरुषांच्या अंगात जे असतं त्याचंच. सरांनी समजावलं, “चाळिशीनंतर टाकी रिकामी व्हत जाती, काका. आपण फकस्त भरतो.” मी विचारलं, आधी रक्त वगैरे तपासून, डॉक्टरला विचारून? सर म्हणाले, “डॉक्टरांचं दंड बघितलायसा कधी?” हे मला पटलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांचं मनगट शेवग्याच्या शेंगेएवढं आहे.

मी एकच प्रश्न विचारला. इंजेक्शन शाकाहारी आहे का? सर खोका घेऊन आले. मोबाईलच्या उजेडात खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, “शेंगतेलात असतंय.”

शेंगतेल! आमच्या चार पिढ्या शेंगतेलावर वाढल्या. मी तिथल्या तिथं हो म्हणालो. सयाजी हसता हसता खालीच बसला. एवढं हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली सुई. जिमच्या मागं चटया ठेवायच्या खोलीत. सर म्हणाले, “काका, ढिलं सोडा.” सुई गेली. सर म्हणाले, “झालं, गुरुभाई.” काकाचा भाई व्हायला तीन सेकंद लागले. औषध तिथंच लागू पडलं.

स्कूटरवर एका बाजूनं बसून घरी आलो. बायकोला, महानंदाला सांगितलं, मशीनवरून घसरलो. उगाच काळजी करते म्हणून. पुढच्या सुयांचं पाकीट दुकानात, जुन्या पितळी वजनांच्या पेटीत ठेवलंय. ती पेटी कुणी उघडत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंगात वाघ आलाय. आज चाळीस किलोचा काटा एकट्यानं तिसऱ्या मजल्यावर नेला. तिथं लिफ्ट होती. मी लिफ्टकडं बघितलंसुद्धा नाही.

महानंदाबद्दल इथं लिहीत नाही, डायरी शांभवीच्या हातात पडली तर पंचाईत. कॉलेजात गेलेली पोरगी. एवढंच लिहितो की लग्नाचा वाढदिवस नसताना मी गजरा आणला. महानंदा म्हणाली, “काय लपवताय?”

चहात साखर नसते हल्ली. विचारलं तर म्हणाली, संपली. वाण्याचं दुकान आमच्या घराखाली आहे. बायकांचं काही कळत नाही.

८ मार्च, शनिवार

वजन ८९ किलो ९००. मानेची जाडी वाढली. इष्टलिंगाचा शिवदारा गळ्याला काचायला लागला म्हणून अव्वानं नवा, लांब दोरा ओवून दिला. ओवताना म्हणाली, “मान हाय का रेड्याची?” मला बरं वाटलं.

माझ्या बोलण्याला वजन आलंय. परवा एक फरसाणवाला आला, म्हणे काटा पाच ग्रॅम जास्त दाखवतोय. मी त्याला म्हणालो, “तुझं डोकं ठेव त्याच्यावर, शून्य दाखवतोय का बघू.” गडी गप निघून गेला. पूर्वी गिऱ्हाईक तासतासभर घासाघीस करायचं. या आठवड्यात एकानंही केली नाही. आलाच तो एकटा होता.

सरांनी सुईच्या जोडीला गोळ्या दिल्यात. जेवणानंतर घ्यायच्या. जेवणात सलग चौथ्या दिवशी कारलं.

२९ मार्च, शनिवार

तोंडावर आणि पाठीवर पुटकुळ्या. शांभवीचं तोंड धुवायचं महागाचं साबण-पाणी वापरलं. ती म्हणाली, “अप्पा, दहावीची परीक्षा हाय काय तुमची?” मग माझ्या तोंडून काय निघालं आता आठवत नाही. थोडं मोठ्यानं बोललो असेन. ती मैत्रिणीकडं अभ्यासाला गेली ती चार दिवस झाले तिकडंच आहे. अभ्यास चांगला चाललाय म्हणायचा.

सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस सुरू झालाय. महानंदा समोर उभी राहून प्यायला लावते आणि पिऊन झालं की पदरानं डोळे पुसते. मला वाटतं माझी तब्येत बघून तिला भरून येतं.

३० एप्रिल, बुधवार

बसव जयंतीचं रक्तदान शिबिर. आयुष्यातला मोठा दिवस. रक्त द्यायच्या आधी बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात. पुढच्या माणसाचं तेरा. त्याच्या पुढच्याचं साडेबारा. माझं वीस!

तपासणाऱ्या बाईंनी यंत्र हलवून परत बघितलं. परत वीस. मी मोठ्यानं म्हणालो, “शाकाहारी हाय हं मी!” दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टर मॅडम आल्या, वर्षाराणी पाटील नावाच्या, हार्मोनच्या डॉक्टर, शिबिरासाठी आलेल्या. त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं आणि म्हणाल्या, “तुमचं रक्त घेता येणार नाही. उद्याच्या उद्या दवाखान्यात या.” कार्ड दिलं.

इतकं भारी रक्त साध्या पेशंटला सोसणार नाही, हे मी समजू शकतो. उद्या बोलावलंय ते बहुतेक सत्कारासाठी किंवा अभ्यासासाठी. सवडीनं जाईन.

१२ मे, सोमवार

आजऱ्याला महानंदाच्या भाचीच्या लग्नाला. सुईचा दिवस काल होता, पण काल घरात पाहुणे. आज सकाळपासून अंगाची लाही, कुणी शिंकलं तरी त्याला मारावंसं वाटत होतं. म्हणून चष्म्याच्या डबीत सुई घेऊन गेलो.

पंगतीत बसलो तर वाढपी जिलेबी घेऊन आला आणि माझ्या पानावरून पुढं गेला. हाक मारली. म्हणाला, “पावणं, तुमाला न्हाय. आतनं सांगितलंय.” काजूकतली आली, तीही पुढं गेली. काजूच्या आजऱ्यात येऊन काजूकतली नाही! शेजारचा म्हातारा माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, “सांभाळा. माझा भाऊबी त्यातच गेला.” कशात गेला कळलं नाही.

मग कार्यालयाच्या बाथरूममध्ये गेलो. एका हातानं धोतर, एका हातानं सुई, आरसा गळ्याच्या उंचीला. एवढ्यात दार वाजायला लागलं. बाहेरून महानंदाच्या मामांचा आवाज, “कोण हाय आत?” “मी.” “काय करताय?” “येतोय.” “अवो, नवरदेव थांबलाय हितं!” कशीबशी सुई मारली. बाहेर आलो तर नऊ जणांची रांग, सगळ्यात पुढं बाशिंग बांधलेला नवरदेव. मी लंगडत गेलो.

रात्री सयाजी फोनवर म्हणाला, एक दिवस उशीर झाला तर त्यालाही असंच होतं. आम्ही दोघंही या बाबतीत शिस्तीचे. व्यसन म्हणजे दारू, तंबाखू. त्यातलं आम्हांला काहीच नाही. फक्त रविवार चुकता कामा नये.

८ जून, रविवार

दही नव्हतं. मी फ्रीज उघडला, दही दिसलं नाही, फ्रीज बंद करायला गेलो तर दार हातात आलं. अख्खं. बाटल्यांसकट. हल्ली वस्तूच कमकुवत बनवतात.

मग मी बोललो. बराच वेळ बोललो. अव्वा जेवत होती. तिनं ताट उचललं आणि आतल्या खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्या खोलीला कडी होती हे मला माहीत नव्हतं. नवीन बसवलेली दिसते. शाहूपुरीत चोऱ्या वाढल्यात.

छाती वाढलीय, पण जशी वाढायला पाहिजे तशी नाही. सफारीचं माप घेताना टेलर म्हणाला, “मालक, छातीला जरा सैल... म्हंजे मऊ ठेवू का?” सरांना विचारलं. ते म्हणाले, हार्मोन पलटलं, त्यावर वेगळी गोळी आहे. आता तीन गोळ्या आणि दोन सुया.

२४ जून, मंगळवार

आजचं लिहिलंच पाहिजे.

सकाळी दुकानात एका बाईंना काटा दाखवत होतो. काट्याच्या ताटलीवर टपकन काहीतरी पडलं. मग परत. दोन ग्रॅम. चार ग्रॅम. माझंच नाक वाहत होतं. थांबेचना. त्या बाईंनी आरडाओरडा केला, शेजारच्या दुकानदारानं महानंदाला फोन केला. माझ्या खिशात ते शिबिरातलं कार्ड होतं. रिक्षानं तिथंच गेलो.

डॉ. वर्षाराणी मॅडमनी ओळखलं. “वीस हिमोग्लोबिनवाले. मी उद्या या म्हणाले होते, दोन महिन्यांपूर्वी.” नाक बांधलं, रक्त घेतलं, ब्लडप्रेशर बघून सिस्टरला जवळ उभं केलं. महानंदा माझा हात धरून बसली होती. रिपोर्ट आल्याबरोबर तिनं विचारलं, “मॅडम, शुगर किती हाय?”

“शुगर नॉर्मल आहे.”

“नॉर्मल?” महानंदानं माझा हात सोडला. “मग त्या सुया कशाच्या?”

मी छताकडं बघितलं.

असं झालं होतं. फेब्रुवारीत ती दुकानात आली होती आणि अव्वाला पोथीचं पान दाबून ठेवायला वजन म्हणून ती पितळी पेटी उघडली होती. सुया बघून तिला वाटलं, मला साखरेचा रोग झालाय आणि मी काळजीपोटी लपवतोय. म्हणून तिनंही कळल्याचं दाखवलं नाही. चहा, कारलं, रस. आजऱ्याला अख्ख्या वऱ्हाडाला सांगून ठेवलेलं. अव्वानं सोळा सोमवार धरलेले.

“चार महिने मी तुम्हांला कारलं घातलं!” ती म्हणाली.

“मी खाल्लं की,” मी म्हणालो. यापेक्षा बरं काही सुचलं नाही.

मॅडमनी रिपोर्ट पुढं सरकवला. मग म्हणाल्या, “नष्टे, तुमच्या रक्ताची काकवी झालीय. काकवी नळीतून कशी वाहते माहीत आहे ना? ती हृदयात नाहीतर मेंदूत कुठंतरी अडकली की संपलं. आणि बाहेरून माल येतोय म्हटल्यावर तुमच्या अंगातल्या कारखान्यानं काम बंद केलंय. कामगार घरी गेलेत.”

“कुठला कारखाना?” मी विचारलं.

मॅडमनी सांगितलं. महानंदा खिडकीबाहेर बघायला लागली.

त्यांनी माझं रक्त काढलं. शिबिरात जे घेतलं नाही ते आज काढून टाकून दिलं. बाटली नेताना सिस्टरला म्हणालो, कुणाला तरी द्या. ती म्हणाली, “कुणाला द्यायचं, मामा? शत्रूला?”

१५ जुलै, मंगळवार

सुया बंद. मॅडमच्या देखरेखीत. अंगातला कारखाना सुरू व्हायला कित्येक महिने लागतील, कदाचित पूर्ण सुरू होणारही नाही, असं त्या स्वच्छ म्हणाल्या.

वाघ गेला. मांजरही राहिलं नाही. जिना चढताना मधे बसतो. काल टीव्हीवर पशुखाद्याच्या जाहिरातीत एक म्हैस मालकाकडं बघते, ते बघून मला रडू आलं. शांभवी घरी परत आलीय. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “अप्पा, म्हैस सुखरूप हाय.” तरी थांबेना.

ही ओळ खोडणार नाही असं ठरवून लिहितो. शनिवारी मी जिमचं कार्ड परत करायला म्हणून गेलो आणि खिशात सुई घेऊन आलो. कसा घेऊन आलो मलाच कळलं नाही. पायच घेऊन गेले. दुकानाचं शटर आतून ओढून तासभर सुई हातात धरून बसलो. मला ती मारायची नव्हती. आणि मला दुसरं काहीच नको होतं. त्या दिवशी मला समजलं, याला काय म्हणतात.

शटर उघडलं, घरी गेलो, सुई महानंदाच्या हातात दिली आणि सांगितलं. कणीक मळत होती, तशाच पिठाच्या हातांनी तिनं ती सुई घेतली, गुंडाळली आणि बाहेर जाऊन आली. मग चहा केला. साखर घालून.

अव्वाच्या दाराची कडी अजून आहे. मी म्हणालो, काढून टाकू का? ती म्हणाली, “राहू दे थोडे दिवस.” मी म्हणालो, बरं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या होत्या, तुमच्याबरोबरचे किती आहेत? मी मोजले. एकवीस. सगळे चाळिशी-पन्नाशीचे, पोरंबाळं असलेले. कुणीतरी त्यांना सांगायला पाहिजे. म्हणून आज जिमच्या झेंडावंदनाला गेलो आणि वंदन झाल्यावर बोलायला उभा राहिलो. पंधरा दिवस आंघोळीच्या वेळी मोठ्यानं सराव केला होता.

सगळं सांगितलं. सुई, गोळ्या, नाक, काकवी. आवाज कापत होता तरी शेवटचंही सांगितलं, “आणि दोस्तहो, लिंबाची सुपारी झाली!” मग टाळ्या. मला वाटलं, जमलं.

पांगापांग होताना तिघं जवळ आले. पहिला म्हणाला, “अण्णा, सोळा दिवसांत चाळीस किलोचा काटा तिसऱ्या मजल्यावर? एकट्यानं?” दुसरा म्हणाला, “डोस काय हुता?” तिसऱ्यानं पृथ्वीराज सरांचा नंबर मागितला. तो आमच्या जिमचा नव्हताच, झेंडावंदनाच्या जिलेबीसाठी आला होता.

सरांनी हात जोडून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. सयाजीनं मला पार्किंगमध्ये गाठलं. तोंड लालबुंद, पाय सुजलेले, चपलेचा अंगठा तोडलेला. एक मजला उतरून आला होता तरी धापा टाकत होता. म्हणाला, “माझं नाव घितलंस तर बघ. तुझा कारखाना बंद पडला म्हणून गावाचा संप करतोस व्हय?”

“सयाजी, तुझा श्वास बघ.”

“हे वय झाल्याचं हाय.”

“मग सुई कशासाठी घेतोस?”

तो गाडीकडं वळला. गाडी सुरू करून गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा न सांगता गेला.

१४ सप्टेंबर, रविवार

झेंडावंदनाचं सांगितलं तेव्हाच महानंदा म्हणाली होती, “पुरुषांना काय सांगताय? ऐकणाऱ्यांना सांगा.” आज तिची भिशी आमच्या घरी होती. बावीस बायका. सयाजीची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, तीही आलेली. महानंदानं मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, “हे बोलणार हाईत.”

जिममध्ये बोललो होतो, पण बायकांसमोर जीभ टाळ्याला चिकटली. “म्हणजे... वयोमानानुसार... काही औषधं...” पाच मिनिटं मी औषधाभोवती फिरत राहिलो. कुणीतरी पोहे मागितले. तेवढ्यात दारात अव्वा. म्हणाली, “अय्यो, सरळ सांग की रे. सुया मारून लिंबाची सुपारी झाली म्हणून!”

आंघोळीच्या वेळचा सराव तिनं रोज ऐकला होता.

आधी एक बाई फिसकन हसली. मग सगळ्या. पदर तोंडाला, कुणी भिंतीला टेकलेल्या. मी जमिनीत जावं म्हणत होतो. पण हसून झाल्यावर एकेक प्रश्न यायला लागले. “आमच्यातबी हल्ली ताट फेकत्यात.” “आमचं रात्री चारला उठून पंखा दुरुस्त करत्यात.” “ते पाठीवर उठतंय ते त्यानंच काय?” मी एकेकीला उत्तर देत गेलो. खोटं काही सांगितलं नाही. फ्रीजच्या दाराचं सांगितलं. कडीचं सांगितलं, ते सांगताना थांबावं लागलं. अव्वा शेजारीच उभी होती. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बायकांना म्हणाली, “आता बरा हाय. पण मूर्ख हाय.”

उठता उठता आक्कानं विचारलं, “पायाला सूज येती का हो त्यानं?”

मी म्हणालो, “येते. आणि आली की डॉक्टरकडं जायला थांबायचं नसतं.”

तिनं पोह्याची बशी खाली ठेवली आणि चप्पल न घालता निघाली. महानंदा चप्पल घेऊन मागं पळाली.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळी साडेसहाला पृथ्वीराज सरांचा फोन. “काका, काय केलंसा हे! चौदा बायका आल्यात जिममध्ये. चटयांची खोली उघडायला लावल्या. एकीनं डंबेल उचललंय.”

मी विचारलं, किती किलोचं?

“काका, चेष्टा नका करू. साडेबाराचं. आणि खाली ठेवंना झालीय.”

मी म्हणालो, “पोरा, तुझंही रक्त एकदा तपासून घे. मी येतो बरोबर.” मग मागून कुणीतरी बाई ओरडली आणि फोन बंद झाला.

आक्काचा फोन लागत नाही. सयाजीचाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मॅडमकडं तपासणीचा दिवस. गेलो तर वेटिंगमध्ये ओळखीची तोंडं. जिममधले सहा जण, एकमेकांपासून जेवढं लांब बसता येईल तेवढे लांब. एकजण म्हणाला, बायकोला घेऊन आलोय. बायको कुठं दिसत नव्हती. दुसरा म्हणाला, पाण्याच्या फिल्टरचं बघायला आलोय. झेंडावंदनाच्या जिलेबीला येऊन सरांचा नंबर घेऊन गेलेला तो तिसरा वर्तमानपत्र वाचत होता, उलटं.

कोपऱ्यात सयाजी. शेजारी आक्का, हातात त्याच्या गाडीची किल्ली. काल त्याच्या छातीचा फोटो काढलाय म्हणे, हृदय वाढलंय, पण वेळेत आलात असं सांगितलंय. हे आक्कानं सांगितलं. सयाजीनं माझ्याकडं बघितलं नाही. त्याचे पाय बघवत नव्हते.

एवढ्यात सिस्टर बाहेर आली. तीच, शत्रूवाली. अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ते जिमच्या सुयावाले कोण कोण हायत? त्यांनी त्या पलीकडच्या बाकावर बसा. तुमची फाईल वेगळी.”

कुणी हललं नाही. पाण्याच्या फिल्टरवाला छताकडं बघायला लागला. बाकीचे पेशंट, म्हाताऱ्या, लहान पोरं घेऊन आलेल्या बाया, सगळे माना वळवून शोधायला लागले, कोण सुयावाले?

मला जिममध्ये बोलायला पंधरा दिवस सराव लागला होता. घरात अव्वा लागली. इथं काहीच नव्हतं. मी उठलो. “मी,” म्हणालो. आवाज नीट निघाला नाही म्हणून परत म्हणालो, “मी सुयावाला.” आणि त्या रिकाम्या बाकावर जाऊन बसलो. एक लहान पोरगी माझ्याकडं बघून हसली. बाकी कुणी हसलं नाही.

दोन मिनिटं गेली. बाक लांबलचक होता. एकट्यानं बसलं की बाक फारच लांब वाटतो.

मग कोपऱ्यात खुर्ची करकरली. सयाजी उठला. आक्कानं हात दिला, तो त्यानं घेतला नाही. धापा टाकत, मधे एकदा थांबत, पूर्ण हॉल ओलांडून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. एवढा बाक रिकामा, पण मी नेमका मधे बसलो होतो.

“सरक की, मर्दा,” तो म्हणाला.

मी सरकलो.